भडंग, चटणी आणि लोणच्याच्या वेष्टनाचा प्रश्न: कमी कचरा करणारा पर्याय खरोखर कोणता?

सांगलीची_चव

नमस्कार. सांगलीत आमचा घरगुती खाद्यपदार्थांचा छोटा उद्योग असून त्यात दहाबारा महिला काम करतात. भडंग, चकली, भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट हा आमचा बारमाही माल आहे. उन्हाळ्यात त्यात कैरीच्या व लिंबाच्या लोणच्याची भर पडते. बराचसा माल सांगली, मिरज आणि कोल्हापूर येथील दुकानांतून व ओळखीच्या घरांतून खपतो आणि उरलेला कुरिअरने पुण्या-मुंबईकडे जातो.

अलीकडे ग्राहकांकडून, विशेषतः तरुण ग्राहकांकडून, आमच्या रिकाम्या पाकिटांचे पुढे काय होते आणि आम्ही प्लास्टिक सोडणार आहोत की नाही, अशी विचारणा वारंवार होऊ लागली आहे. हा प्रश्न टाळू नये, असे आम्हा सर्वजणींचे मत आहे. सध्या भडंग आणि चकली जाड पारदर्शक पीपी पिशवीत, चटणी व मेतकूट आतून चंदेरी असलेल्या पाऊचमध्ये आणि लोणचे प्लास्टिकच्या बरणीत जाते. चौकशी केल्यावर तीन पर्याय समोर आले. एका पुरवठादाराने तपकिरी क्राफ्ट कागदाचा, पुढे छोटी पारदर्शक खिडकी असलेला पाऊच दाखवला. तो दिसायला सुंदर आहे आणि त्यावर "पर्यावरणस्नेही" असे छापून देण्याचीही त्यांची तयारी आहे. दर आमच्या आताच्या पाऊचच्या साधारण दीडपट आहे. दुसऱ्याने कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्या सुचवल्या, ज्या दुपटीहून महाग पडतात. तिसरा पर्याय काचेच्या बरण्यांचा आहे.

आम्हाला केवळ दिखाऊ बदल करायचा नाही. या पर्यायांपैकी कचरा खरोखर कशाने कमी होतो, आणि वेष्टनावर आम्ही प्रामाणिकपणे काय छापू शकतो, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लॅमिनेशनवाला

ताई, मी लवचिक वेष्टने तयार करणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षे काम करत आहे, तेव्हा माझे मत त्या बाजूचे आहे असे समजूनच वाचावे.

वेष्टन निवडण्याआधी पदार्थ कशाने बिघडतो ते पाहावे लागते. भडंगाचा आणि चकलीचा कुरकुरीतपणा हवेतल्या बाष्पाने जातो. शेंगदाण्याच्या चटणीची गोष्ट वेगळी आहे. दाणे कुटल्यामुळे त्यांतले तेल मोठ्या पृष्ठभागावर उघडे पडते आणि ऑक्सिजन व प्रकाश यांच्यामुळे ते लवकर खवट होते. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, बाष्प बऱ्यापैकी अडवते, पण ऑक्सिजन फारसा अडवत नाही. त्यामुळे आपण भडंगाला साधी पीपी पिशवी आणि चटणीला चंदेरी पाऊच वापरता, ही निवड पदार्थाच्या दृष्टीने बरोबरच आहे.

अडचण चंदेरी पाऊचच्या रचनेत आहे. त्याच्या बाहेर सहसा छपाईचा १२ मायक्रॉनचा पेटचा (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकचा) पापुद्रा असतो, मध्ये अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप दिलेला पेटचा दुसरा पापुद्रा असतो आणि आत उष्णतेने चिकटणारा पॉलिथिनचा थर असतो. पेट वितळण्यास अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढचे तापमान लागते, तर पॉलिथिन त्याच्या निम्म्यावरच वितळते. एकमेकांना चिकटवलेले हे थर कोणताही सामान्य पुनर्चक्रण कारखाना वेगळे करू शकत नाही आणि एकत्र वितळवले तर त्यापासून पुन्हा वापरता येईल असा प्लास्टिकचा दाणाही तयार होत नाही.

आता क्राफ्टच्या पाऊचविषयी बोलतो. त्याच्या बाहेर कागद असला तरी आत जवळजवळ नेहमीच प्लास्टिकचे एक किंवा दोन थर असतात, कारण नुसत्या कागदात भडंग एक दिवससुद्धा कुरकुरीत राहणार नाही. पुरवठादाराकडून पाऊचची रचना लेखी मागून घ्यावी. किंवा कोपरा पाण्यात भिजवून कागद सोलून पाहावा, आतला पापुद्रा हातात येतो. म्हणजे जुन्या पाऊचमधले प्लास्टिक गेले नाही, त्यावर कागदाचा अंगरखा तेवढा चढला आणि त्यासाठी आपण दीडपट पैसे मोजले. माझ्या व्यवसायात हा पाऊच सध्या जोरात खपतो, तरीही मी तो आपल्याला सुचवणार नाही.

कंपोस्टेबल पिशव्या बहुधा पीएलए व पीबीएटी ही कुजणारी प्लास्टिके आणि स्टार्च यांच्या मिश्रणातून तयार होतात. त्यांतून बाष्प साध्या प्लास्टिकपेक्षा पुष्कळ अधिक वेगाने आत शिरते, त्यामुळे पावसाळ्यात त्यांतले भडंग टिकणार नाही. शिवाय ज्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाखाली त्या प्रमाणित होतात, त्यातील चाचणी ५८ अंशांच्या आसपासच्या नियंत्रित तापमानात, १८० दिवसांपर्यंतच्या मुदतीत केलेली असते. घरच्या कुंडीत किंवा परसातल्या खड्ड्यात इतकी उष्णता क्वचितच टिकते.

माझी सूचना अशी आहे की भडंगाची आणि चकलीची साधी पीपी पिशवी तशीच ठेवावी. छापील पाऊचच हवा असेल, तर बीओपीपी आणि सीपीपी या दोन थरांचा घ्यावा. ही दोन्ही पॉलिप्रॉपिलीनचीच रूपे असल्यामुळे सारे वेष्टन एकाच जातीच्या प्लास्टिकचे राहते. चटणीसाठी याच रचनेत आतल्या सीपीपीवर धातूचा लेप दिलेला पापुद्रा मिळतो. पेटच्या तीन थरी पाऊचइतका तो ऑक्सिजन अडवत नाही, पण आपण टिकण्याची मुदत सहा महिन्यांऐवजी दोन-तीन महिने लिहिणार असाल, तर त्यावर प्रयोग करून पाहायला हरकत नाही. मात्र मुदत अंदाजाने ठरवू नये. नमुने बांधून ठेवून वास व चव तपासावी आणि शक्य असल्यास प्रयोगशाळेतून पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेल खवट होऊ लागल्याचे माप, काढून घ्यावे.

वेचणी_ते_विक्री

वरच्या उत्तरातली तांत्रिक माहिती मोलाची आहे, पण त्यात वेष्टनाचा प्रवास कारखान्यापासून ग्राहकापर्यंतच आला आहे. मी पुण्यात कचरावेचक महिलांबरोबर काम केले आहे, म्हणून पुढच्या टप्प्याविषयी लिहितो. एखादे वेष्टन प्रयोगशाळेत पुनर्चक्रण करता येण्याजोगे असले, तरी ते कचऱ्यातून कोणी उचलेलच असे नाही. आपल्याकडे उचलणे हे जवळजवळ संपूर्णपणे किलोच्या भावावर अवलंबून असते.

चटणीच्या रिकाम्या पाऊचचे वजन काही ग्रॅम भरते. किलोभर वजनासाठी असे शंभराहून अधिक पाऊच वेचावे लागतात. ते आतून तेलकट असतात, बाहेरून छापलेले असतात आणि त्यांची रचना नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. तो पेटचा तीन थरी पाऊच आहे की पीपीचा दोन थरी, हे छाटणी करणाऱ्या बाईने ओळखायचे कसे? म्हणून बीओपीपी-सीपीपीचा पाऊच कागदोपत्री चांगला असला, तरी आजच्या परिस्थितीत तोही चंदेरी पाऊचच्याच ढिगात जाण्याची शक्यता अधिक आहे. लॅमिनेशनवाला सरांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. पण त्या एका बदलावर समाधान मानण्याइतकी आपली संकलनाची साखळी अजून तयार झालेली नाही.

याच्या उलट दुधाच्या पिशवीचे पाहा. तीही पातळ पिशवीच आहे, परंतु सर्व डेअरींच्या पिशव्या साधारण एकाच जातीच्या पॉलिथिनच्या असतात, त्या पाण्याने सहज स्वच्छ होतात आणि घरोघरी रोज येतात. त्यामुळे भंगाराच्या दुकानात दुधाच्या पिशवीचा स्वतंत्र ढीग असतो आणि तिला स्वतंत्र भावही असतो. पुठ्ठा, पारदर्शक पेट बाटली, पत्र्याचा डबा या वस्तूंचेही तसेच आहे. त्यांच्यासाठी कोणाला मोहीम चालवावी लागत नाही.

म्हणून मी आपल्याला एक साधी चाचणी सुचवतो. आपल्या विचाराधीन असलेल्या प्रत्येक वेष्टनाचे वापरलेले, रिकामे नमुने घेऊन सांगलीतल्या दोन-तीन भंगार दुकानांत जावे आणि हे किलोने घेतात का, कोणत्या भावाने घेतात आणि पुढे कोणाला विकतात, हे विचारावे. क्राफ्टचा पाऊच रद्दीवालाही बाजूला टाकतो आणि प्लास्टिकवालाही. कंपोस्टेबल पिशवी तर चुकून साध्या पॉलिथिनच्या पिशव्यांत मिसळली, की त्यातून होणाऱ्या दाण्याचा दर्जा बिघडवते.

यात सामाजिक जबाबदारीचा भागही आहे, आणि तो पर्यावरणाच्या गप्पांत बहुधा राहून जातो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून तिची सुरुवात झाली आणि बाबा आढावांसारख्या कष्टकरी चळवळीतील नेत्यांचा तिला आधार मिळाला. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्यास प्रारंभ केला. या व्यवस्थेत काम करणाऱ्या बाईचे उत्पन्न दोन वाटांनी येते: घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या भंगाराची विक्री. सुक्या कचऱ्यात भाव नसलेल्या पाकिटांचे प्रमाण जसजसे वाढते, तसतसे तिला तेवढेच ओझे उचलावे लागते, तेवढेच हात घाण करावे लागतात आणि पैसे मात्र कमी मिळतात. आपण कोणते वेष्टन निवडतो याचा परिणाम असा थेट एका दुसऱ्या कष्टकरी बाईच्या मिळकतीवर होतो. आपला उद्योग महिलांचा असल्यामुळे हा मुद्दा आपल्याला पटेल, असे वाटते.

भाव नसलेले पाऊच उचललेच जात नाहीत, असेही नाही. जेथे कोणी किलोमागे वेगळा मोबदला देते तेथे ते गोळा होतात आणि त्यांतला मोठा हिस्सा सिमेंटच्या भट्ट्यांत कोळशाच्या जोडीने जाळला जातो. उघड्यावर जळण्यापेक्षा किंवा ओढ्यात जाण्यापेक्षा ते निश्चितच बरे आहे, परंतु त्याला पुनर्चक्रण म्हणणे मला योग्य वाटत नाही.

लोणच्याच्या बरणीबद्दल एक सूचना करतो. बरणी पारदर्शक पेटची असेल, तर रंगीत बरणीपेक्षा तिला चांगला भाव मिळतो. तिच्यावर पीव्हीसीचे आवळून बसणारे आवरण लावू नये, कारण पेट वितळवताना पीव्हीसीचा थोडासा अंशही दाण्याचा रंग आणि ताकद बिघडवतो, आणि दोन्ही प्लास्टिके पाण्यात बुडणारी असल्यामुळे धुताना वेगळी होत नाहीत. पीपीच्या किंवा एचडीपीईच्या (कडक पॉलिथिनच्या) झाकणाची अडचण येत नाही; ते पाण्यावर तरंगते आणि पेट तळाशी जाते.

हिशेबनीस_कोल्हापूर

मी लघुउद्योगांचे हिशेब आणि परवाने सांभाळतो. कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो आणि त्यानंतर एक मतभेद नोंदवतो.

राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने कोणत्याही जाडीच्या प्लास्टिक पिशव्या माल नेण्यासाठी देण्यास बंदी घातली आहे. पहिल्या उल्लंघनास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिने कैद अशी तरतूद त्यात होती. उत्पादनाच्या ठिकाणीच पदार्थ सीलबंद करण्याचे वेष्टन हा त्याहून वेगळा विषय आहे. तरीही प्रदर्शनात किंवा स्टॉलवर पाकिटे हातात देताना वरून आणखी एक प्लास्टिकची पिशवी देऊ नये. वर्तमानपत्राच्या कागदात पदार्थ बांधण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक विनियमांनी मनाई केली आहे, हेही लक्षात असू द्यावे, कारण "प्लास्टिकमुक्त" होण्याच्या उत्साहात काही स्टॉलवाले पुन्हा तिकडे वळलेले मी पाहिले आहेत.

केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टनासाठी विस्तारित उत्पादक जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यानुसार ब्रँडच्या मालकाला आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या प्रमाणात संकलन व पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट पूर्ण करावे लागते; मात्र सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या व्याख्येत बसणाऱ्या ब्रँड-मालकांना त्यातून वगळलेले आहे. आपली उद्यम नोंदणी असेल, तर ते प्रमाणपत्र हाताशी ठेवावे.

"पर्यावरणस्नेही" असे मुळीच छापू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून "हरित", "पर्यावरणस्नेही" यांसारखे मोघम शब्द पुरेशा स्पष्टीकरणाशिवाय आणि पडताळता येईल अशा पुराव्याशिवाय वापरणे त्यांत बसत नाही. छापायचेच असेल, तर तपासता येईल असे साधे विधान छापावे: "ही पिशवी पूर्णपणे पॉलिप्रॉपिलीनची आहे, रिकामी झाल्यावर पुसून सुक्या कचऱ्यात द्यावी." हे वाक्य आकर्षक नाही, पण ते खरे आहे.

आता मतभेद. या साऱ्या चर्चेत आपण दहाबारा महिलांच्या उद्योगावर ज्या अपेक्षा लादत आहोत, त्या लाखो पाऊच रोज बाजारात ओतणाऱ्या कंपन्यांकडून कोणी तितक्या आग्रहाने करत नाही. माझ्या दृष्टीने जबाबदार उद्योगाची पहिली कसोटी कामगारांची मजुरी वेळेवर व पुरेशी मिळणे ही आहे. पाकिटामागे दोन-तीन रुपये वेष्टनावर वाढले आणि दुकानदाराने भाव वाढवून दिला नाही, तर ती रक्कम शेवटी कोणाच्या मजुरीतून जाईल, हे आधी कागदावर मांडावे. दुसरे असे की मऊ पडून परत आलेले भडंग किंवा खवट झालेली चटणी फेकावी लागली, तर त्यातले दाणे, तेल, गॅस आणि श्रम सारेच वाया जातात. ते नुकसान काही ग्रॅम प्लास्टिकपेक्षा लहान नसते. वेचणी_ते_विक्री यांनी सांगितलेली भंगाराच्या दुकानाची चाचणी मला मान्य आहे, पण त्या चाचणीत पेटची बरणी पहिली येते म्हणून सगळा माल बरण्यांत भरू नये. अर्धा किलो चकलीच्या पेट बरणीला पिशवीच्या कितीतरी पट प्लास्टिक लागते, आणि तिच्या आकारामुळे कुरिअरचे खोकेही मोठे होते.

कोकणातली_बरणी

काचेचा पर्याय आतापर्यंत बाजूलाच राहिला आहे, म्हणून लिहिते. रत्नागिरीजवळ आमचा लोणची, कोकम आगळ आणि मुरंब्यांचा व्यवसाय असून आम्ही लोणच्याच्या काचेच्या बरण्या अनामत घेऊन परत स्वीकारतो. वर उल्लेख झालेल्या २०१८ च्या विनियमांत काचेच्या बाटल्या खाद्यपदार्थांसाठी पुन्हा वापरण्यास मुभा आहे. त्या टिकाऊ असाव्यात आणि सहज धुता व निर्जंतुक करता याव्यात एवढीच अट आहे. एकदा वापरलेले पत्र्याचे डबे मात्र पुन्हा खाद्यपदार्थ भरण्यासाठी चालत नाहीत.

अनुभव असा आहे की ज्या गिऱ्हाईकाची आपल्याशी वरचेवर भेट होते, तोच बरणी परत आणतो. बाजारपेठेतल्या ठरलेल्या दुकानांतून आणि आठवडी बाजारातून बरण्या नियमित येतात. कुरिअरने गेलेली बरणी परत येत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये, कारण रिकामी काच परत पाठवण्याचा खर्च नव्या बरणीपेक्षा जास्त होतो. दुरून येणाऱ्या मागणीला आम्ही पारदर्शक पेटच देतो. काचेचे वजन इतके असते की ती एकदाच वापरून फेकली जाणार असेल, तर तिचा आग्रह धरण्यात मला अर्थ दिसत नाही. तिचा फायदा ती अनेकदा फिरली तरच होतो.

धुण्याचे काम हलके समजू नये. बरणी आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवावी लागते, नंतर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घासावी लागते, स्वच्छ पाण्याने खळखळून उकळत्या पाण्यातून काढावी लागते आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय भरता येत नाही, कारण लोणच्यात पाण्याचा थेंबही बुरशीला पुरतो. कडेला टवका उडालेली बरणी बाजूला काढणे हे तर सर्वांत महत्त्वाचे आहे. पत्र्याचे फिरकीचे झाकण पुन्हा वापरू नये. त्याच्या आतल्या रबरासारख्या कड्यात तेल आणि मसाल्याचा वास मुरतो आणि ते दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. म्हणजे प्रत्येक फेरीत झाकण नवे लागते आणि तो खर्च हिशेबात धरावा लागतो. धुणाऱ्या बाईला त्या वेळेची वेगळी मजुरी दिली, तरच ही व्यवस्था प्रामाणिक राहते. भरणीच्या कामातच ती "जाता जाता" करून घेतली, तर हिशेबनीस यांचा आक्षेप खरा ठरतो.

लेबलाबद्दल सांगायचे तर चकचकीत प्लास्टिकचे, स्वतः चिकटणारे लेबल काढताना नखे तुटतात. साधे कागदी लेबल मैद्याच्या खळीने किंवा डेक्स्ट्रिनच्या डिंकाने लावले, तर ते पाण्यात आपोआप सुटते. खळीवर झुरळे येतात, म्हणून गोदाम कोरडे व स्वच्छ ठेवावे लागते. आम्ही शेवटी डेक्स्ट्रिनकडे वळलो.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. आपल्या मालाचा मोठा भाग जवळच्या दुकानांत जातो असे आपण लिहिले आहे. तेथे भडंग आणि चकली छोट्या पाकिटांतूनच गेली पाहिजे असे नाही. पाच लिटर किंवा त्याहून मोठे प्लास्टिकचे डबेही त्याच विनियमांनुसार, वरच्याच अटीवर, पुन्हा वापरता येतात. घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यातून माल देऊन पुढच्या फेरीला रिकामा डबा परत आणला आणि गिऱ्हाइकाने आपल्या घरच्या डब्यात तो वजनावर नेला, तर छोट्या पाकिटाची गरजच उरत नाही. वेष्टनाच्या जातीपेक्षा या एका बदलाने अधिक कचरा वाचेल, असे मला वाटते.

हिशेबनीस_कोल्हापूर

डब्यांची कल्पना चांगली आहे, पण सुट्या मालावर ब्रँड दिसत नाही आणि दुकानदार उद्या त्याच डब्यात दुसऱ्याचे स्वस्त भडंग भरू शकतो. ज्या दुकानदारावर पूर्ण विश्वास आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करावी. डब्यावर उद्योगाचे नाव, परवाना क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि मुदत असलेली चिठ्ठी असावी. पावसाळ्यात डबा दिवसभर उघडझाक होऊन माल मऊ पडेल, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात डबे लहान ठेवावेत किंवा योजना थांबवावी.

सांगलीची_चव

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही सर्वजणींनी बसून ही चर्चा वाचली. भंगाराच्या दुकानांतही जाऊन आलो. पुठ्ठा, पेट आणि दुधाची पिशवी यांचे भाव त्यांनी लगेच सांगितले. स्वच्छ आणि बिनछपाईची पीपी पिशवी पुरेशा प्रमाणात साठवून आणल्यास घेऊ, असे एकाने सांगितले; चंदेरी आणि क्राफ्टचा पाऊच मात्र सर्वांनीच हाताने बाजूला सारला. त्यामुळे क्राफ्टचा विचार आम्ही सोडला आहे आणि कंपोस्टेबलचाही.

भडंगाची व चकलीची पीपी पिशवी तशीच ठेवून तिच्यावरची छपाई काढायची आणि सारी माहिती आत ठेवायच्या छोट्या कागदी चिठ्ठीऐवजी पिशवीच्या तोंडावर बसणाऱ्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर द्यायची, असे ठरले आहे; पट्टी पिनेऐवजी दुमडून अडकवता येते का, ते पाहत आहोत, कारण खाण्याच्या पाकिटात पिन नको. लोणच्यासाठी सांगली-मिरजेत काचेची बरणी आणि बाहेरगावी पारदर्शक पेट. मिरजेतल्या एका ओळखीच्या दुकानदारांनी डब्यातून भडंग घेण्याची तयारी दाखवली आहे. बरण्या धुण्याचे काम दोघींकडे राहील आणि त्याची मजुरी नगावर वेगळी मिळेल.

दोन शंका अजून आहेत. चटणी आणि मेतकुटाचा चंदेरी पाऊच आम्हाला आज तरी सोडता येत नाही. शिवाय आमच्याकडे छापून घेतलेल्या जुन्या पाऊचचा बराच साठा पडून आहे. तो मोडीत काढावा का?

लॅमिनेशनवाला

साठा मोडीत काढू नये. न वापरलेले पाऊच फेकणे म्हणजे कोणाच्याही उपयोगी न पडता झालेला कचरा आहे. ते संपेपर्यंत वापरावेत आणि नवी मागणी नोंदवताना रचना बदलावी. छापलेली माहिती जुनी झाली असेल, तर त्यावर चिकटपट्टी लावण्यापूर्वी लेबलविषयक नियम हिशेबनीस यांच्याकडून तपासून घ्यावेत.

चटणीसाठी दोन मार्ग दिसतात. एक म्हणजे आकार. ५० ग्रॅमच्या चार पाऊचना जितके लॅमिनेट लागते, त्याच्या बरेच कमी २०० ग्रॅमच्या एकाला लागते. म्हणून नमुन्यापुरता छोटा पाऊच ठेवून बाकी विक्री मोठ्या पाकिटांत वळवावी. दुसरा मार्ग म्हणजे चटणी साठवून न ठेवता मागणीप्रमाणे दर आठवड्याला कुटणे. जवळच्या गिऱ्हाइकांना पंधरा दिवसांत संपणारी चटणी साध्या जाड पीपी पिशवीत देता येईल, कारण तेवढ्या काळात ऑक्सिजनचा परिणाम सहसा चवीत उतरत नाही. तरी उन्हाळ्यात आधी नमुना ठेवून पाहावा आणि पाकिटे उन्हात येतील अशा ठिकाणी मांडू नयेत, असे दुकानदारांना सांगावे. दूरच्या मागणीपुरता चंदेरी पाऊच राहील.

वेचणी_ते_विक्री

जे पाऊच जवळच्या घरांत जातात, ते बरण्यांबरोबरच परत मागावेत. त्यांना भाव नाही, हे गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगावे. गोणीभर साठले की ज्या संस्थेकडे किंवा नगरपालिकेच्या केंद्राकडे बहुस्तरीय प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीकडे पाठवण्याची सोय असेल, तेथे द्यावेत आणि पोच घ्यावी. पीपी पिशव्याही त्याच फेरीत, पण वेगळ्या गोणीत गोळा केल्या, तर आपल्या भंगारवाल्यांनी सांगितलेले "पुरेसे प्रमाण" लवकर होईल. तेलकट पिशवी भुसकटाने किंवा जुन्या कापडाने पुसली तरी चालते. त्यासाठी साबण आणि पाणी खर्च करण्याची गरज नाही.